तुम्ही विचारलंत म्हणून : ‘इब्री’ म्हणजे कोण?

‘इस्राएल’ आणि ‘इब्री’ ही एकाच लोकांची नावे असतील, तर ‘इब्री’ हे दुसरे नाव आले कुठून, असे मला बायबलचे वाचक वारंवार विचारतात.

हिब्रूत हा शब्द ‘इव्री’ असा उच्चारतात. त्याच्या शेवटची ‘ई’ आपल्या ‘कोकणी’, ‘वऱ्हाडी’ यांतल्या ‘ई’सारखी मूळ ठिकाण किंवा कूळ सांगते, आणि ‘एव्हर’ म्हणजे पैलतीर. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या 14व्या अध्यायात, इस्राएलांचा मूळपुरुष अब्राम प्रथम ‘इब्री’ म्हणून येतो. त्याचे पूर्वज फरात (युफ्रेटिस) नदीपलीकडे राहत होते, असे यहोशवाचे पुस्तक सांगते. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी तर उत्पत्तीतल्या या ‘इब्री’साठी ‘पलीकडचा’ अशाच अर्थाचा शब्द योजला. नोहाचा मुलगा शेम याचा पणतू एबर, त्याच्यावरून नाव पडले असे मानले, तरी एबरच्या नावातही तीच अक्षरे आहेत.

खरा वाद आहे तो ‘हबिरू’ या शब्दाचा. 1887 मध्ये इजिप्तमधील अमार्ना येथे इ. स. पू. 14व्या शतकातील मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांतील पत्रांत जेरुसलेमचा अधिपती अब्दी-हेबा फारोला विनवतो, की धनुर्धारी पाठवा, नाहीतर मुलूख हबिरूंच्या हाती जाईल. उच्चार जवळचा वाटला, तरी सीरियातील उगारित या प्राचीन नगराच्या लेखांत हाच शब्द ‘ब’ऐवजी ‘प’ने लिहिलेला आहे, शिवाय हबिरूंची व्यक्तिनामे वेगवेगळ्या भाषांतली आहेत, म्हणजे ते एक कूळ नसून गावगोत सुटलेले, प्रसंगी भाडोत्री शिपाईगिरी करणारे लोक होते. म्हणून हबिरू म्हणजेच इब्री, असे मी म्हणणार नाही.

माझ्या मते शब्दाचा वापर व्युत्पत्तीहून अधिक सांगतो. इजिप्तमधला अधिकारी पोटीफर याची बायको घरातला गुलाम योसेफ याला ‘इब्री’ म्हणते, पलिष्टी लोक आपल्या इस्राएली शत्रूंना ‘इब्री’ म्हणतात; आपसांत मात्र ते लोक ‘इस्राएल’ असतात. कोकणातही शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या ज्यूंना शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत, आणि ते स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरे, म्हणवत.

वादळात सापडलेल्या जहाजावर परके खलाशी योना या संदेष्ट्याला विचारतात, तुझा देश कोणता, तू कोणत्या लोकांपैकी? तो उत्तरतो, मी इब्री आहे. विचारणारे परके आहेत, म्हणून तो त्यांना कळेल ते नाव सांगतो.