परसातील फरसबंदी : ४८ फरश्या, ४५ मि.मी. उतार

घराच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या मोकळ्या जागेत चार खुर्च्या मांडून निवांत बसता यावे, एवढी फरसबंदी स्वतःच्या हाताने करायची असे ठरवून काम सुरू केले. शेवटची फरशी बसून आता तीन आठवडे झाले. काम चालू असताना रोज रात्री वहीत नोंद केली होती. त्यातील जे भाग असे काम करणाऱ्यांच्या उपयोगी पडतील, ते येथे विस्ताराने लिहीत आहे. सिमेंटच्या थरात फरश्या पक्क्या न करता खाली खडीचा पाया, त्यावर वाळू आणि वर सुट्या फरश्या ही पद्धत मी घेतली, कारण पुढे एखादी फरशी खचली तर ती उचलून पुन्हा बसवता येते आणि खालच्या नळाची दुरुस्ती निघाली तरी काही फोडावे लागत नाही.

मी आधी फरशी निवडली आणि मग जागा आखली. ४५० मि.मी. चौरस आणि ५० मि.मी. जाडीची काँक्रीटची फरशी सुमारे २४ किलो भरते. तेवढी एकट्याला अलगद खाली ठेवता येते. त्याच जाडीची ६०० मि.मी. ची फरशी ४३ किलोच्या घरात जाते, आणि ती एकट्याने बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. लांबीत आठ आणि रुंदीत सहा फरश्या धरल्यावर मापे ३.६ आणि २.७ मीटर आली. ही बाजूंची मापे ४ आणि ३ च्या प्रमाणात असल्यामुळे कर्ण बरोबर ४.५ मीटर यायला हवा, म्हणजे आखणी गुण्यात (कोपरे काटकोनात) आहे की नाही हे एका टेपने कळते. मात्र फक्की मारून झाल्यावर लक्षात आले की ५ मि.मी. चे सांधे मी हिशेबात धरलेच नव्हते. सात सांध्यांमुळे लांबी ३५ मि.मी. आणि पाच सांध्यांमुळे रुंदी २५ मि.मी. वाढली, कर्ण ४.५४ मीटर झाला आणि दोऱ्या पुन्हा बांधाव्या लागल्या.

खोदण्यापूर्वी सांडपाण्याचा पाइप आणि विजेची तार कोठून जाते ते पाहून घेतले. खोली २२५ मि.मी. धरली : १५० खडीसाठी, २५ वाळूसाठी आणि ५० फरशीसाठी. भिंतीची बाजू सोडून उरलेल्या तीन बाजूंना खड्डा १५० मि.मी. जास्त घेतला, कारण पाया फरशीच्या काठाशीच संपला तर कडेची फरशी पहिल्यांदा कलते. घट्ट मातीचे मोजमाप अडीच घनमीटर येत होते, पण माती मोकळी झाली की फुगते आणि ढीग तीन घनमीटरच्या वर गेला. तो टाकायची जागा आधीच ठरवून ठेवावी.

खरा कस पातळी काढताना लागला. भिंतीपासून बाहेरच्या काठापर्यंत ६० ला १ उतार द्यायचा, म्हणजे २.७ मीटरमध्ये ४५ मि.मी., आणि भिंतीकडची वरची पातळी घराच्या ओलरोधक थरापेक्षा निदान १५० मि.मी. खाली ठेवायची, असे ठरवले होते. पारदर्शक नळीत पाणी भरून खुंट्यांवर खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पडताळणी करावी म्हणून नळीची दोन्ही टोके एकाच खुंटीला शेजारीशेजारी धरली, तर दोन्हींतील पाण्यात तब्बल १२ मि.मी. चा फरक होता. नळी बोटांनी चाचपत गेल्यावर मधल्या वेटोळ्यात अंगठ्याएवढा हवेचा बुडबुडा सापडला. त्याच खुणांवर काम केले असते तर उतार ४५ ऐवजी ३३ मि.मी. राहिला असता, म्हणजे ८० ला १ पेक्षाही कमी, आणि काँक्रीटच्या खरबरीत पृष्ठभागावर पाणी रेंगाळले असते. त्यानंतर प्रत्येक मोजमापाच्या आधी आणि नंतर दोन्ही टोके एकत्र धरून पाहण्याचा नियम मी मोडला नाही. नळीत पाणी एका टोकाने संथपणे भरावे आणि हवा दुसऱ्या टोकाने पूर्ण बाहेर जाऊ द्यावी. घाईने ओतलेल्या पाण्याबरोबर हवा आत जातेच.

माझ्याकडची माती चिकण असल्याने तळाशी जिओटेक्स्टाइल कापड अंथरले आणि जोडाच्या ठिकाणी ते एकावर एक ३०० मि.मी. घेतले. त्याच्यामुळे खडी चिखलात रुतत नाही आणि माती वर येत नाही. पायासाठी एकाच आकाराची खडी घेऊ नये, २० मि.मी. पासून अगदी बारीक कचेपर्यंतचा मिश्र माल घ्यावा, कारण मोठ्या खड्यांमधील पोकळी बारीक कच भरून काढते आणि मगच थर आवळून बसतो.

यंत्र न आणता सुमारे आठ किलोच्या लोखंडी धुम्मसने पाया चोपला. हाताच्या ठोक्याचा जोर फार खोल जात नाही, म्हणून ५० मि.मी. चे तीन थर केले आणि एक थर पूर्ण बसल्याशिवाय दुसरा घातला नाही. माल कोरडा असेल तर कितीही ठोकला तरी कण नुसते सरकतात आणि फार भिजला तर थर डळमळतो. मूठभर माल घट्ट दाबावा. त्याचा गोळा राहिला आणि बोटांतून पाणी गळले नाही, तर ओल योग्य आहे असे समजावे. पहिल्या फेरीत धुम्मसचा आवाज दबका, ‘धप्’ असा येतो आणि लोखंड किंचित आत जाते. तिसऱ्या-चौथ्या फेरीत आवाज टणक होतो, धुम्मस उसळी घेते आणि दांड्यातून तळहाताला झिणझिण्या येतात. हा बदल संपूर्ण जागेत सारखा जाणवला की थर झाला असे मी मानत होतो. भिंतीच्या कडेला आणि कोपऱ्यांत तो सर्वांत उशिरा जाणवला.

पायालाही तोच उतार हवा, म्हणजे वरच्या वाळूचा थर सगळीकडे सारखा २५ मि.मी. राहतो. दोन मीटरची सरळ पट्टी फिरवून पाहिल्यावर डाव्या बाहेरच्या कोपऱ्यात १४ मि.मी. चा खळगा निघाला. तेथे वाळू जास्त घालून वेळ मारून नेणे सोपे होते, पण जाड वाळू जास्त बसते आणि पुढे तेथेच खड्डा पडतो. तो भाग दाताळ्याने उकरला, नवा माल मिसळला आणि पुन्हा चोपला. त्यात अर्धा दिवस गेला.

वाळू भरड घेतली. २५ मि.मी. बाहेरील व्यासाचे दोन पाइप पायावर ठेवून त्यांच्यावरून पट्टी ओढली की थर आपोआप हव्या जाडीचा होतो. मग पाइप काढून त्यांच्या चऱ्या वाळूने भरायच्या. एका वेळी दोन ओळींपुरतीच वाळू पसरली आणि तिच्यावर पाय पडू दिला नाही.

फरश्या बसवताना एका छोट्या युक्तीने माझे काम फार हलके केले. ६०० मि.मी. लांबीच्या पाणसळीच्या उताराकडील टोकाखाली १० मि.मी. जाडीची लाकडी चकती चिकटवली. आता बुडबुडा मधोमध आला की उतार बरोबर ६० ला १, आणि प्रत्येक फरशीवर वेगळा हिशेब करावा लागत नाही. सुरुवात भिंतीच्या कोपऱ्यापासून केली, सांध्यांसाठी ५ मि.मी. चे प्लॅस्टिकचे तुकडे वापरले आणि रबरी हातोडीने आधी मधोमध व मग कोपऱ्यांवर ठोकले. फरशी वाळूवर सरकवू नये. सरकवली की पुढच्या काठाखाली वाळूचा उंचवटा जमतो आणि फरशी डुगडुगते. ठोकताना पोकळ वाजली ती प्रत्येक फरशी मी उचलून पाहिली. दिवसाला दहा-बारा फरश्या झाल्या. पन्हळीच्या पाइपाजवळची एकच फरशी कापावी लागली. ती ओली करून, डायमंडच्या पात्याने, मास्क आणि चष्मा लावून कापली, कारण काँक्रीटच्या धुळीतील सिलिका फुप्फुसांना घातक असते.

बाहेरच्या तिन्ही काठांना काँक्रीटचा तिरकस टेकू दिला आणि त्याची वरची कड मातीखाली झाकली जाईल एवढी खाली ठेवली. उतरून येणारे पाणी मुरावे म्हणून खालच्या काठाला ३०० मि.मी. रुंदीचा चर खणून त्यात गोटे भरले.

सांधे भरण्याआधी भिंतीजवळ बादलीभर पाणी ओतून पाहिले. पाणी एका रुंद पट्ट्याने गोट्यांकडे निघाले, पण पाचव्या ओळीतील तिसऱ्या फरशीवर तळहाताएवढे डबके राहिले. फरशी उचलल्यावर कारण समोरच दिसले : पाइप काढल्यानंतरची चरी तेथे अर्धवट भरली गेली होती. वाळू घालून फरशी पुन्हा बसवली आणि दुसऱ्या बादलीचे पाणी न थांबता गेले. त्यानंतर कोरडी बारीक वाळू झाडूने सांध्यांत भरली. पाणी शिंपडल्यावर ती सुमारे १० मि.मी. खाली बसली, म्हणून वाळल्यावर पुन्हा भरली.

भिंतीवर एक कायमची खूण करून दर रविवारी चारही कोपऱ्यांची पातळी मोजत आहे. तीन आठवड्यांत तीन कोपरे जागेवर आहेत. डावा बाहेरचा, म्हणजे उकरून पुन्हा चोपलेला कोपरा २ मि.मी. खाली गेला आहे, आणि तो सगळा फरक पहिल्याच आठवड्यातील आहे. पावसाचे दोन महिने जाईपर्यंत हे मोजमाप चालू ठेवणार आहे आणि तोवर त्या कोपऱ्यातील चार फरश्यांचे सांधे शेवटचे भरायचे बाकी ठेवले आहेत.