छातीचं मांस मानेला

काकांच्या मानेवरची पट्टी उचलली की आंबूस वास यायचा. आधी रेडिएशन झालेलं, कॅन्सर उलटला म्हणून मग स्वरयंत्र काढलेलं. घशाची शिवण सुटली आणि गिळलेली लाळ मानेतून झिरपू लागली. रेडिएशनने कातडी चिवट झालेली, नवं रक्त जवळजवळ नाहीच. अशा जागी पुन्हा टाके घालणं म्हणजे कुजक्या कापडाला ठिगळ लावणं.

त्या सकाळी जखम धुताना तळाशी काहीतरी उडताना दिसलं. कॅरोटिड! मेंदूला रक्त नेणारी धमनी उघडी, वर चोवीस तास लाळ. ती फुटली तर काही मिनिटांत माणूस हातचा जातो. ड्रेसिंग करत थांबायचा विषयच संपला.

मांडीचा फ्लॅप, म्हणजे रक्तवाहिन्यांसकट उचललेला मांस-कातडीचा तुकडा, आणून मायक्रोस्कोपखाली जोडावा, तर या मानेत जोडण्याजोग्या रक्तवाहिन्या उरल्या नव्हत्या. म्हणून छातीचा पेक्टोरॅलिस स्नायू. एरियन यांनी १९७९ मध्ये मांडलेली ही पद्धत तरुण सर्जनना जुनाट वाटते. वाटू दे. अडचणीत तीच कामाला येते.

संमतीच्या वेळी काकांनी पाटीवर लिहिलं, ‘छातीवरचे केस घशात उगवतील?’ मी म्हटलं, उगवतात कधीकधी. काका बिनआवाजाचे हसले, मावशींनी मात्र कपाळाला हात लावला.

स्नायू बरगड्यांवरून सोडवून उलटा केला की खालच्या चरबीत त्याची धमनी ठोके देताना दिसते. तिला धक्का न लावता कातडीसकट तो हंसळीवरून, कातडीखालच्या बोगद्यातून मानेत घेतला. कातडी आत वळवून घसा बंद केला, स्नायू कॅरोटिडवर पसरला. मानेची कातडी पुरेना, तेव्हा स्नायूवर मांडीची पातळ साल लावली.

रात्री फोन आला, ‘सर, फ्लॅप जांभळा पडलाय.’ धावत गेलो. श्वासाची नळी हलते म्हणून कुणीतरी गळ्याभोवती फीत आवळली होती, नेमकी फ्लॅपच्या देठावरून, म्हणजे त्याला रक्त पुरवणाऱ्या भागावरून. फीत कापली, नळी कातडीला टाक्यांनी धरली. सुई टोचली तर आधी काळसर, मग हळूहळू लालभडक रक्त आलं. सिस्टरनी पलंगावर मोठा कागद चिकटवला: ‘गळ्याला काहीही बांधू नये.’

पुढे घसा अजून गळतो का ते बघायला निळं औषध पाजून पाहिलं. पट्टी पांढरीच राहिली, तेव्हा नाकातली नळी काढून पेज सुरू केली. उजवा हात वर नेताना अजून ओढ बसते, त्याची फिजिओथेरपी चालू आहे.