कोणी विचारत नाही

सोमवार, रात्री उशिरा

भाचीचा फोन होता. कॉलेज सुरू व्हायला बारा दिवस राहिलेत. "मावशी, तू इतकी वर्षं फर्स्ट इयरलाच शिकवतेस ना? मग सांग, शाळेपेक्षा नक्की काय वेगळं असतं. पण लेक्चर नको हं." अट मोठी कठीण. गेली १९ वर्षं मी लेक्चर देण्याचाच पगार घेतेय.

"अगं, मजा असते, घाबरू नकोस," असं काहीतरी बोलून फोन ठेवला आणि स्वतःचाच राग आला. इतकं तर तिला कोणीही सांगितलं असतं. म्हणून वही काढली. सुचेल तसं लिहिते. त्यातलं तिला काय पाठवायचं ते मग बघू.

पहिली गोष्ट आठवली ती ही, की कॉलेजात कोणी विचारत नाही. शाळेत किती जण विचारत असतात! काल का नव्हतीस, वही का अपुरी आहे, चाचणीत इतके कमी कसे पडले. मुलांना त्याचा जाच होतो, पण सगळा दिवस त्या जाचाच्या आधारावरच उभा असतो. कॉलेज सुरू झालं की हा टेकू निघतो, आणि निघालाय हे महिनाभर कळतही नाही, कारण तेव्हा त्याला आपण सुटका म्हणत असतो.

खरं सांगायचं तर मीही विचारत नाही. माझ्यासमोर १२० चेहरे असतात. तिसऱ्या रांगेतली एखादी मुलगी दिसेनाशी झालीय हे माझ्या लक्षात येईपर्यंत तिचे तीन आठवडे गेलेले असतात. मी वाईट शिक्षिका आहे असं नाही. तिथली रचनाच तशी आहे. आम्ही गृहीत धरतो की समोर बसलेली व्यक्ती मोठी आहे. आणि ती व्यक्ती सुट्टीआधीपर्यंत शाळेत पाणी प्यायला जायचीसुद्धा परवानगी मागत होती.

मंगळवार

भाचीने वेळापत्रकाचा फोटो पाठवला. खाली लिहिलंय, "मावशी, बुधवारी फक्त एकच लेक्चर!!!" तीन उद्गारचिन्हं. तिचा आनंद बघून मला हसूही आलं आणि पोटात गोळाही.

तिला हिशोब दाखवायला हवा. युरोपातल्या बऱ्याच विद्यापीठांनी तो स्पष्ट लिहूनच ठेवलाय: पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट, आणि एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचं २५ ते ३० तासांचं काम. म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास. एखाद्याची पूर्णवेळ नोकरी असते तेवढेच. यात लेक्चरचे तास आलेच, पण वाचन, टिपणं, असाइनमेंट, परीक्षेची तयारी हेही त्यातच धरलेलं आहे. क्रेडिटचा हिशोब प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, मतलब मात्र तोच. वेळापत्रकात जो चौकोन रिकामा दिसतो, तिथलं काम छापायचं राहिलेलं असतं, इतकंच.

शाळेत शिकणं वर्गात होतं आणि घरी सराव. कॉलेजात बऱ्याचदा उलटं असतं. वर्गात फक्त ओळख करून देतात, शिकणं आपलं आपण बाहेर बसून. ज्यांना हे पहिल्या दोन आठवड्यांत उमगतं त्यांचं बरं चालतं. बाकीच्यांना पहिल्या निकालात उमगतं.

तिला सांगणार आहे की बुधवारचे रिकामे तास आजच पेनाने भर. दहा ते बारा लायब्ररी, अमुक विषय. पेन्सिलने नको. पेन्सिलचं खोडलं जातं.

आणि सेमिस्टर सुरू झाल्या झाल्या प्रत्येक विषयाचा सिलॅबस घेऊन सगळ्या तारखा एका कागदावर उतरव. प्रत्येक सर, प्रत्येक मॅडम आपापल्या विषयाची तारीख ठरवतात; दुसऱ्याची बघत नाहीत. (आम्ही खरंच बघत नाही.) एकाच आठवड्यात दोन असाइनमेंट, एक टेस्ट आणि एक प्रेझेंटेशन येऊन धडकतं ते त्यामुळेच. हा आठवडा तीन महिने आधी कागदावर दिसला तर निम्मी लढाई सोपी होते.

बुधवार

आज माझं स्वतःचं पहिलं वर्ष आठवत बसले. लिहावं की नाही असं वाटत होतं, कारण ताईला यातलं काहीच माहीत नाही.

शाळेत मी पहिल्या पाचांत. कॉलेजात मानसशास्त्र घेतलं ते माणसांबद्दल वाचायला मिळेल म्हणून, आणि समोर आलं सांख्यिकी. पहिल्या टेस्टला ४० पैकी ९. तो कागद मी चार घड्या घालून वहीच्या कव्हरात खुपसला. घरी सांगितलं, पेपर अजून तपासून झाले नाहीत. पुढचे दोन आठवडे सांख्यिकीच्या तासाला मागच्या दाराजवळ बसले आणि तिसऱ्या आठवड्यापासून बसणंही सोडलं. कोणी विचारलं नाही. जी मुलगी कधी एक दिवसही शाळा बुडवायची नाही, तिला तास बुडवणं किती सोपं गेलं याचं आजही नवल वाटतं.

सरांच्या केबिनपर्यंत तीनदा गेले. दाराबाहेरच्या बोर्डावरच्या सगळ्या नोटिसा वाचल्या, एकीची तर मुदत केव्हाच संपली होती, आणि परत फिरले. चौथ्यांदा सरच बाहेर आले, हातात रिकामा कप घेऊन. म्हणाले, "काय हवंय?"

"सर, मला काहीच कळत नाही."

"काहीच असं नसतं. कुठपर्यंत कळतंय?"

कुठपर्यंत! हा प्रश्न मला तोवर कोणी विचारलाच नव्हता. मी चाचरत म्हटलं, "सरासरीपर्यंत." त्यांनी पाठकोऱ्या कागदावर तीन आकडे लिहिले: ३, ५, १०. सरासरी काढ म्हणाले. ६. आता प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे ते लिही. मी लिहिलं: उणे ३, उणे १, अधिक ४. यांची बेरीज? शून्य. दुसरे तीन आकडे घे. पुन्हा शून्य. आणखी तीन. शून्यच. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "लांबी मोजायची आहे आणि दर वेळी शून्य येतंय. काय करशील?" मी बराच वेळ कागदाकडे बघत बसले आणि म्हटलं, "उणे घालवायला हवं." "कसं?" "वर्ग करून?"

प्रमाण विचलनाचं, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते मोजण्याचं, ते सूत्र मी वीस वेळा पाठ केलं होतं. त्यात वर्ग कशाला आलाय हे पंधरा मिनिटांत, माझ्याच तोंडून, त्या दिवशी निघालं.

तर भाचीला हे सांगायचं: कोणाच्याही केबिनमध्ये "काहीच कळत नाही" घेऊन जाऊ नकोस. तसं म्हटलं की समोरच्याला कुठून धरावं ते समजत नाही, आणि आपल्यालाही आपण फारच मठ्ठ वाटायला लागतो. वही उघडी ने. इथपर्यंत आले, इथे अडले, असं बोट ठेवून दाखव. आणि तिसऱ्या आठवड्यात जा, परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही. आदल्या दिवशी आमच्या दाराबाहेर रांग असते. तिसऱ्या आठवड्यात आम्ही एकटेच बसलेले असतो, आणि शपथेवर सांगते, कोणी आलं तर बरंच वाटतं.

काही जण खेकसतातही. तेही खरं. मग दुसरं दार: दुसरे शिक्षक, सीनियर, लायब्ररीत बसणारा कोणी. एका खेकसण्यावर विषय सोडायचा नसतो.

गुरुवार

पेपर तपासणी. डोळे चुरचुरतायत, थोडक्यात आटोपते.

एका मुलाने पेपरात पुस्तकातला अख्खा परिच्छेद जसाच्या तसा उतरवलाय, स्वल्पविरामांसकट. प्रश्न होता, हे दोन सिद्धांत कुठे भिडतात? त्याने दोन्ही सिद्धांत सुंदर अक्षरात लिहिले आणि ते भिडलेच नाहीत. शाळेत याला पैकीच्या पैकी मिळाले असते. त्याला मार्क कमी देताना मला अपराधी वाटतं, कारण खेळाचे नियम बदललेत हे त्याला आम्ही नीट सांगितलं का, याची मला खात्री नाही.

अभ्यासाबद्दल तिला एकच प्रयोग सांगेन. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींनी तोच पुन्हा वाचला आणि काहींनी पान मिटून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तर पारडं फिरलेलं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. यातली मेख अशी, की पुन्हा वाचताना आपल्याला "येतंय, येतंय" वाटत राहतं. हायलायटरने पिवळी केलेली पानं डोळ्यांच्या ओळखीची झालेली असतात, एवढंच. पान मिटल्यावर काय उरलं ते बघायला धीर लागतो. पण तो अभ्यास.

शनिवार

काल काही लिहिलं नाही. आज भाचीचाच फोन. हॉस्टेलची खोली मिळाली, रूममेट अनोळखी. आवाज जरा बारीक झालेला. म्हणाली, "आणि तिथे सगळे माझ्यापेक्षा हुशार असले तर?"

असतीलच की. आपापल्या शाळेतले पहिले पाच तिथे एकाच वर्गात येतात, आणि त्यातले बरेच जण पहिल्यांदाच मधले कुठले तरी होतात. ते लागतं मनाला. मला तर इतकं लागलं होतं की माझा प्रवेश चुकून झालाय आणि कधीतरी ऑफिसातून बोलावणं येईल असं वाटायचं. पुढे शिकताना कळलं की या वाटण्याला नाव आहे: इम्पोस्टर फिनॉमेनन, म्हणजे आपण तोतये आहोत असं वाटणं. १९७८ मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी त्यावर लिहिलं. दीडशेच्या वर यशस्वी बायका, पदव्या-मानसन्मान सगळं असलेल्या, आणि तरी मनात हेच, की आपण खऱ्या नाही, एक दिवस पकडल्या जाऊ. भाचीला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे हे पुढेही जात नाही?" चांगलाच पेचात टाकलं पोरीने. जातं, म्हटलं, बरंचसं. उरलेल्याची सवय होते.

मैत्रिणींचंही विचारत होती. शाळेत मैत्री करावी लागत नाही. दहा वर्षं एकाच बाकावर बसलं की ती होतेच. इथे पहिल्या आठवड्यात सगळे एकमेकांना जोडलेले दिसतात आणि आपण तेवढे सुटे. तसं नसतं. जेफ्री हॉल या संशोधकांचा मैत्रीवरचा २०१८ चा अभ्यास आहे, त्यात पहिल्या वर्षाचे विद्यार्थीही होते. नुसती ओळख असलेल्याशी साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र जावे लागतात आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. वर्गात शेजारी बसल्याचे तास त्यात फारसे कामाचे नाहीत. रमतगमत घालवलेले हवेत. तर पहिल्या महिन्यात एकटं वाटलं तर त्यात बिघडलेलं काहीच नाही. तास भरायचेत अजून. एखाद्या क्लबात जा, दोन नको, एकच, पण दर आठवड्याला त्याच वेळी.

दिरंगाईबद्दल सांगायचं राहिलंच. १९९४ मध्ये ब्युलर या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या ३७ विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी ३४ म्हणाले. आणि सगळंच बिनसलं तर? ४९. प्रत्यक्षात लागले ५५. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमी पडला. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते, आणि हातातले पेपर "दोन दिवसांत संपतील" म्हणून घेतले होते. आज पाचवा दिवस.

रविवार

सकाळी ताईकडे. भाचीची बॅग उघडी पडलेली, ताई कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालतेय. मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "रोज रात्री फोन कर म्हणून सांगितलंय तिला. बरोबर ना गं?" मी म्हटलं, आठवड्यातले दोन ठरलेले दिवस ठेव, आणि फोनवर "अभ्यास झाला का" नको विचारूस. "मग काय विचारू?" आज कोणाशी बोललीस, ते विचार. ताईला पटलं नाही. मुलगी लांब जातेय तिची. मला काय जातंय सांगायला.

मग धीर करून ४० पैकी ९ चं सांगून टाकलं. ताई हातातला टॉवेल तसाच धरून म्हणाली, "आईला माहीत होतं ते. तुझ्या वहीला कव्हर घालताना सापडला होता कागद." इतकी वर्षं! आई एका शब्दाने बोलली नाही. मी विचारलं, का नाही बोलली? ताई म्हणे, "वाट बघत होती, तू सांगशील म्हणून."

दुपारी घरी येऊन हे सगळं टाइप केलं, थोडं गाळलं, भाचीला पाठवलं. तासाभराने उत्तर आलं: "बापरे केवढं! नंतर वाचते. मावशी, गजराचं वेगळं घड्याळ नेऊ का, की मोबाइलच पुरे?"

घड्याळ ने, म्हटलं. आणि ठेव खोलीच्या दुसऱ्या टोकाला, उठून बंद करावं लागेल असं.