इटालियन शब्द फोडायचा कसा आणि जोर द्यायचा कुठे

इटालियन शिकणाऱ्या मराठी मंडळींना माझं एकच सांगणं आहे, आधी शब्दाची अक्षरं फोडायला शिका, कारण जोर कुठे पडतो ते अक्षरं मोजूनच कळतं आणि मोजायचं शेवटून. बहुतेक शब्दांत जोर शेवटून दुसऱ्यावर, मि-ला-नो मधे ला वर, तो-रि-नो मधे रि वर. अगदी शेवटच्या अक्षरावर असेल तर लिहितानाच स्वरावर खूण करतात, चित्ता म्हणजे शहर, काफ्फे म्हणजे कॉफी, तिथे काही अडत नाही.

खरी गोची शेवटून तिसऱ्याची. नापोली, जेनोवा, मोदेना, पादोवा, सगळ्यांत जोर पहिल्या अक्षरावर आणि लिहिताना खूण बिण काही नाही! आपल्याकडे सर्रास पो लांबवून नापोली म्हणतात, खरं तर लांबवायचा असतो तो पहिला 'ना'. हे शब्द डिक्शनरीत बघून पाठच करा. आळस नको, कारण जोर हलला की अर्थ बदलतो, आंकोरा मधे आं वर जोर दिला तर जहाजाचा नांगर, को वर दिला तर 'अजून'. तेलेफोनानो म्हणजे 'ते फोन करतात', त्यात तर शेवटून चौथ्या ले वर!

फोडणं तसं सोपंय. एकटं व्यंजन पुढच्या स्वराकडे जातं, का-सा. डबल असेल तर मधून फुटतं, नोन्-नो म्हणजे आजोबा, आणि एकच न म्हटलात तर नो-नो, म्हणजे नववा. र, ल, म, न नंतर दुसरं व्यंजन आलं तरी तसंच, पार्-ते.

पण स ची गंमत मला सगळ्यात आवडते. व्याकरणाच्या पुस्तकात फोड असते पा-स्ता, स पुढच्या अक्षरात. आपण शाळेत वृत्तं शिकलो, जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, त्यामुळे आपला कान म्हणतो पास्-ता. आता नीट ऐका, इटालियनमधे जोराचं अक्षर शब्दाच्या शेवटी नसेल आणि स्वरावर संपलं तर तो स्वर लांबतो, का-सा मधला का लांब, पार्-ते मधला पा आखूड. मग पा-स्ता मधला पा लांबायला हवा ना? नाही लांबत! म्हणजे बोलताना स मागच्याच अक्षराला धरून आहे, बरेच भाषाशास्त्रज्ञ पण असंच मांडतात, तेव्हा ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा तर पा-स्ता लिहा आणि बोलताना बिनधास्त आपला गुरू धरा.

दोन स्वर शेजारी आले की मात्र आधी जोर माहीत हवा, मग फोड. मारिया मधे जोर रि वर म्हणून तीन अक्षरं, मा-रि-या. मारियो मधे जोर मा वर, इ पुढच्या ओ त मिसळतो आणि उरतात दोनच, मा-र्यो.