डीएमजी-०१ (निन्टेन्डोचा पहिला गेम बॉय) : पडद्यावरच्या उभ्या रेघा, दुरुस्तीची तिसरी फेरी

रेघा अखेर हलल्या. मागच्या नोंदीत पडद्याच्या डावीकडचे ठिपक्यांचे सात उभे रकाने मेलेले होते. आता एकच उरलाय, आणि तोही बोटाने दाबलं की जागा होतो.

आधी चुकीची वाट. दोन बोर्डांना जोडणारी २१ पिनांची रिबन तीनदा काढून, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसून बसवली. फरक शून्य, आणि तो पडणारही नव्हता. त्या रिबनमध्ये बिघाड असता तर अख्खं चित्र बिनसलं असतं, मोजके रकाने नव्हे. पडद्याच्या १६० रकान्यांचे जोड काचेच्या खालच्या कडेला आहेत, १४४ ओळींचे बाजूला. उभी रेघ गेली म्हणजे दोष खालच्या फ्लेक्स पट्टीत, म्हणजे काचेला चिकटवलेल्या लवचिक, तांब्याच्या मागांच्या पट्टीत. आडवी गेली तर बाजूची, आणि ते दुखणं याहून चिवट.

बहुतेक वेळा तांब्याचा माग तुटलेला नसतो. तापवून चिकटवलेला जोड पस्तीस वर्षांत सैल होतो. नागपुरात मे महिन्यात ४५ अंश, वरून पत्र्याच्या कपाटात ठेवलेला कन्सोल. मग रेघा याच ऋतूत वाढल्या तर नवल कसलं.

चाललेली रीत अशी. पट्टीवरचं रबर चिमट्याने अलगद सोलायचं. कन्सोल चालूच ठेवायचा, म्हणजे कुठला रकाना परतला ते तिथल्या तिथे दिसतं. अर्थिंग असलेलं सोल्डरिंग आयर्न २५० अंशांच्या आसपास, चपटं टोक, मध्ये कॅप्टॉन (उष्णता सोसणाऱ्या) टेपचा एक थर. दोन-तीन सेकंद टेकवायचं, घासायचं नाही. पहिल्या फेरीत ३५० वर फिल्म आकसली आणि चांगला रकानाही गेला. दुसऱ्या फेरीत रेघा परतल्या, पण गार होताच पुन्हा गायब. चूक इथेच होती: आयर्न उचललं की जोड मोकळा सुटत होता. आता आयर्न उचलताक्षणी खोडरबराचा तुकडा दाबून धरायचा, वीस सेकंद. सातातले सहा त्यानेच आले.

सामानाबद्दल. बर्डीत (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) आयपीए मागितलं तर आधी लेबल वाचा. सॅनिटायझरवालं ७० टक्के म्हणजे उरलेलं बरंचसं पाणी. मोबाइल किटमधला ०.६ मिमीचा तीनपाती स्क्रूड्रायव्हर बिट कन्सोलच्या स्क्रूंना लहान पडतो, खाच खराब करून ठेवतो. मोठा वेगळा घ्या.

हा पडदा मुळात का निवडला, तेही ध्यानात ठेवायला हवं. निन्टेन्डोतल्या गुनपेई योकोईंच्या आर अँड डी १ टीमने १९८९ मध्ये मुरलेलं, स्वस्त तंत्र घेतलं: बॅकलाइट नाही, चार छटा, चार पेन्सिल सेल. आधीचा टीएन प्रकारचा एलसीडी पडदा तिरक्या नजरेने दिसेना म्हणून एसटीएन या सुधारित प्रकारावर गेले. एसटीएनची खोड अशी की तापमान बदललं की काळेपणा बदलतो. डावीकडची कॉन्ट्रास्टची चकती त्याच कामाची. दुपारी पडदा काळवंडला तर लगेच दुरुस्ती काढू नका; आधी चकती फिरवा, मग मल्टिमीटरने पडद्याला जाणारा उणे व्होल्टेज बघा.

आयपीएस किट (बॅकलाइटवाला नवा पडदा) बसवायचा बेत होता, तो तूर्त रद्द. उन्हात हा जुना पडदाच उजवा ठरतो, बॅकलाइटवाले तिथे फिके पडतात. लिहितालिहिताच सुचलं: निन्टेन्डोच्याच सातोरू ओकादांच्या टीमचा २००१ चा गेम बॉय अॅडव्हान्सही बिनदिव्याचाच, पडद्याच्या पुढून उजेड टाकणारा दिवा आला तो २००३ च्या अॅडव्हान्स एसपीत. तर डीएमजी, गेम बॉय पॉकेट आणि अॅडव्हान्स गच्चीवर शेजारी ठेवून सकाळी सहाला आणि दुपारी दोनला चकती कुठे थांबते, ते नोंदवायचं. अॅडव्हान्सला चकतीच नाही. त्याचा नुसता फोटो.

पोलरायझर (काचेवरची प्रकाश गाळणारी फिल्म) बदलणं पुढे ढकललंय. कूलरच्या दमट हवेत काचेखाली धूळ चिकटते. उरलेला रकाना आधी, रबर परत लावण्याआधी.