पिंपल्सवर नेमकं काय लावू?

तुम्ही विचारलंत म्हणून. "माझी त्वचा तेलकट आहे, पिंपल्स जातच नाहीत, कोणतं क्रीम लावू?" प्रश्न बहुतेक वेळा याच शब्दांत येतो आणि सोबत आजवर वापरून टाकून दिलेल्या ट्यूबांची यादी असते. गंमत म्हणजे त्या यादीत एखादी ट्यूब अगदी बरोबर असते. ती तीन आठवड्यांत सोडलेली असते, नाहीतर तिच्या जोडीला आणखी चार गोष्टी लावून चेहऱ्याची आग करून घेतलेली असते.

आज आरशात दिसणारा फोड आज तयार झालेला नसतो. केसाच्या मुळापाशी मृत पेशी आणि तेल साचून छिद्रात बारीक बूच बसतं. सुरुवातीला ते डोळ्यांना दिसतही नाही. वाढलं की त्याचा ब्लॅकहेड किंवा व्हाइटहेड होतो आणि आत जंतू वाढून सूज आली की लाल, पू भरलेला फोड. यात कित्येक आठवडे जातात. म्हणजे आज लावलेलं औषध प्रामुख्याने पुढच्या महिन्यातले फोड अडवत असतं. ८ ते १२ आठवडे व्हायच्या आत "फरक पडत नाही" असा निकाल देऊ नका. आणि आलेल्या फोडावर नुसता ठिपका देऊनही भागत नाही. जिथे जिथे फोड येतात, त्या सगळ्या भागावर औषधाचा पातळ थर हवा.

आता त्वचेचा प्रकार. त्यावरून औषध ठरतं असा समज आहे, तो अर्धाच खरा. औषध ठरतं फोड कसले आहेत यावरून. त्वचा तेलकट की कोरडी यावरून फेसवॉश, मॉइश्चरायझर, औषध जेल घ्यायचं की क्रीम, आणि मुख्य म्हणजे किती सावकाश वाढवायचं, हे ठरतं.

प्रकार ओळखायला चेहरा सौम्य फेसवॉशने धुवा, टॉवेलने टिपा आणि तासभर काहीही लावू नका. सगळा चेहरा चमकायला लागला तर तेलकट. कपाळ, नाक, हनुवटी चमकते आणि गाल ठीक, तर मिश्र. हसताना गाल ओढल्यासारखे वाटले, बारीक पापुद्रे दिसले तर कोरडी. चमकही आहे आणि ओढल्यासारखंही वाटतं, तर बहुधा त्वचा जास्त धुऊन आणि घासून दुखावली आहे. अशा वेळी दोन आठवडे फक्त सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन ठेवा, औषधाचं नंतर बघू.

धुणं सकाळ-संध्याकाळ दोनदाच, शिवाय खूप घाम आला तर एकदा. पाणी कोमट, हात स्वच्छ. ब्रश, स्क्रब, खरखरीत कापड यातलं काही नको. ब्लॅकहेडचं काळं तोंड म्हणजे मळ नव्हे, त्यामुळे ते घासून निघत नाही. अंगाच्या साबणाने धुतलं की चेहरा करकरीत लागतो आणि बऱ्याच जणांना तेच स्वच्छ वाटतं, पण साबण क्षारधर्मी असतो आणि त्वचा किंचित आम्लधर्मी. तेलकट त्वचेला जेल किंवा फेसाचा फेसवॉश चालतो, कोरडीला क्रीमसारखा, फेस न होणारा बरा.

औषधांची गर्दी मोठी आहे, पण कामाची नावं थोडी. ब्लॅकहेड्स-व्हाइटहेड्स जास्त असतील तर ॲडॅपलिन ०.१ टक्का, म्हणजे छिद्रात बूच बसू न देणारं जेल. ते काही ठिकाणी चिठ्ठीशिवाय मिळत नाही. लाल, पुवाचे फोड असतील तर बेन्झॉइल पेरॉक्साइड, आणि तेही २.५ टक्क्यांचं पुरतं. १० टक्क्यांनी फोड चौपट लवकर जात नाहीत, जळजळ मात्र वाढते. उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरा ठेवा, कारण ते रंगीत कापडाचा रंग उडवतं. सॅलिसिलिक ॲसिड २ टक्क्यांपर्यंत, सौम्य त्रासाला आणि तेलकट त्वचेला ठीक. त्वचा नाजूक असेल किंवा फोड गेल्यावर काळे डाग राहत असतील तर ॲझेलेइक ॲसिड १० ते २० टक्के. अँटिबायोटिकचं जेल एकटं महिनोन्‌महिने लावत बसू नका. जंतू त्याला सरावतात. बेन्झॉइल पेरॉक्साइडची जोड असली की हा धोका कमी होतो.

सगळ्यात जास्त बिघडतं ते ॲडॅपलिन लावताना, म्हणून ते नीट सांगते. रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, पंधरा-वीस मिनिटं. ओलसर त्वचेवर ते जास्त झोंबतं. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांभोवती आधी पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. मग मटारच्या दाण्याएवढं जेल बोटावर घ्या, सगळ्या चेहऱ्याला तेवढंच. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके द्या आणि पसरवा, चोळू नका. वर मॉइश्चरायझर. कोरडी किंवा नाजूक त्वचा असेल तर मॉइश्चरायझर, जेल, पुन्हा मॉइश्चरायझर असा क्रम ठेवा. पहिले दोन आठवडे तीन दिवसांतून एकदा, मग एक दिवसाआड, सहन झालं तर रोज. तेलकट त्वचेला एक दिवसाआडपासून सुरुवात करता येते.

सुरुवातीच्या आठवड्यांत फोड वाढल्यासारखे दिसू शकतात. ते नेहमीच्या जागी येत असतील तर धीर धरा. नव्या जागी बारीक पुरळ, सतत आग, साधं पाणी लागलं तरी चुणचुण, अशी लक्षणं असतील तर ती त्वचेची तक्रार आहे. औषध काही दिवस थांबवा आणि नंतर निम्म्या वेळा लावा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ॲडॅपलिन नको. डॉक्टरांना विचारून ॲझेलेइक ॲसिड घेता येतं.

ॲडॅपलिन अंगवळणी पडल्यावरच, गरज असेल तर, सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड सुरू करा. एका वेळी एकच नवी वस्तू. दोन एकदम आणल्या आणि चेहरा लाल झाला तर दोष कुणाचा हे कळायला मार्ग नाही.

मॉइश्चरायझर तेलकट त्वचेलाही लागतं, फक्त जेलसारखं हलकं. सकाळी एसपीएफ ३० किंवा जास्त सनस्क्रीन लावा. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढ्या दोन रेघा. उन्हाने डाग गडद होतात. सावळ्या त्वचेवर ते फोडापेक्षा जास्त काळ टिकतात, म्हणून सनस्क्रीन टाळून डागांवर महागडं सीरम लावणं निव्वळ पैशांचा चुराडा. टूथपेस्ट, लिंबू, खाण्याचा सोडा यांनी फोड बरे होत नाहीत, त्वचा भाजते. आणि चेहरा उजळवणाऱ्या ज्या क्रीमवर घटकच लिहिलेले नसतात, त्यात स्टिरॉइड असू शकतं. आठवडाभर चेहरा छान दिसतो, बंद केलं की फोड उसळून येतात.

सगळीच पुरळ म्हणजे पिंपल्स नव्हेत, हेही बघा. कपाळावर, छातीवर, पाठीवर एकसारख्या आकाराचे बारीक, खाजणारे दाणे असतील आणि ब्लॅकहेड एकही नसेल, तर ती बुरशी असू शकते. तिला वरचं बहुतेक काही लागू पडत नाही, अँटिबायोटिकने तर ती वाढूही शकते. कपाळाच्या कडेलाच फोड येत असतील तर आधी केसांना लावता ते तेल आणि जेल थांबवून बघा.

खोल, दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडायला लागले असतील, तर १२ आठवड्यांची वाट पाहू नका, थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. खड्डे क्रीमने भरत नाहीत. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील आणि फोड जबड्याच्या रेषेवर जास्त असतील तर हॉर्मोन्सची तपासणी करून घ्या. फोड थांबल्यावरही ॲडॅपलिन एकदम सोडू नका. दिसेनाशी बुचं बसणं चालूच असतं, म्हणून आठवड्यातून दोन-तीन रात्री, पूर्वी जिथे फोड यायचे त्या सगळ्या भागावर, लावत राहा.