तिसऱ्या घरातला 'व'

रोजच्या पेपरातलं शब्दकोडं एखाद्या विषयावर असलं की ते सोपं, असा सगळ्यांचा समज असतो. वर ठळक अक्षरात 'आपलं नाशिक' लिहिलेलं. म्हणजे गोदावरी येणार, पंचवटी येणार, तपोवन येणार. चहा निवायच्या आत सुटेल! आणि नेमकं तेच कोडं दुपारपर्यंत अर्धवट पडून राहतं, शिवाय खाडाखोडीनं कागद फाटलेला. विषय कळला की शब्द आठवतात, पण कुठला शब्द कुठे बसतो ते विषय सांगत नाही. ते आडवा आणि उभा शब्द जिथे छेदतात ती घरं सांगतात, आणि त्यातलीही सगळी नाही.

आधी घरं मोजायची सवय. मराठी कोड्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांसकट एक अक्षर एका घरात बसतं आणि जोडाक्षरालाही एकच घर मिळतं. नासर्डी म्हणजे ना-स-र्डी, तीन घरं. उच्चारावर गेलात तर चार मोजाल. त्र्यंबकेश्वर दिसायला केवढं लांबलचक, पण घरं पाचच: त्र्यं-ब-के-श्व-र. आता नाशिकचे नेहमीचे शब्द मोजून बघा. गोदावरी, पंचवटी, तपोवन, रामकुंड, काळाराम, अंजनेरी, ब्रह्मगिरी, सप्तशृंगी, कुंभमेळा. सगळे चार घरांचे! त्यात मालेगाव, नांदगाव, चांदवड, कळवण, बागलाण, सुरगाणा हे तालुकेही चारांतच. म्हणजे क्लूपुढे कंसात (४) लिहिलंय, याचा इथे काडीचा उपयोग नाही.

आता गंमत बघा. गो-दा-व-री. पं-च-व-टी. त-पो-व-न. चां-द-व-ड. क-ळ-व-ण. पाचही शब्दांत तिसऱ्या घरात 'व'. उभा शब्द 'नवल' आला, त्याचा 'व' तुमच्या पंचवटीच्या तिसऱ्या घरात चपखल बसला, म्हणून पेनानं पंचवटी लिहून मोकळे झालात, तर तुम्ही पाचांतला एक अंदाजानं उचललात. जुळलं ते खरं, पण जुळायचंच होतं.

हे असं का होतं? कोडं घालणाऱ्याला छेदायला बिनमात्रेची, साधी अक्षरं सोयीची असतात. क, त, न, र, व, स यांच्यावरून उभे शब्द ढिगानं मिळतात. 'पो' किंवा 'चां' वरून मिळवायला डोकं खाजवावं लागतं. त्यामुळे छेद साध्या अक्षरांवर जास्त पडतात, आणि सोडवणाऱ्याला तीच अक्षरं सगळ्यात कमी माहिती देतात. म्हणून विषयाच्या शब्दात मात्रेचं, अनुस्वाराचं किंवा जोडाक्षराचं घर कुठे छेदलं जातंय ते आधी शोधा आणि तो उभा शब्द आधी सोडवा. 'गो', 'पं', 'चां' यांतलं एक हाती लागलं की वाद मिटला.

एक उदाहरण जवळून बघू. आडवा शब्द चार घरांचा, क्लू मोघम, 'जिल्ह्यातलं ठिकाण'. तिसऱ्या घरात 'व' आलेला आहे. गोदावरी ठिकाण नाही, ती गेली. उरले चार. शेवटच्या घरातून खाली तीन घरांचा उभा शब्द सुरू होतो आणि त्याचा क्लू आहे 'डोळा'. नयन की लोचन? चौघांची शेवटची अक्षरं टी, न, ड, ण. 'लो' कुणाचंच नाही, म्हणजे लोचन बाद. नयन बसतो आणि वर तपोवन. विषयानं उभा शब्द ठरवला आणि उभ्या शब्दानं विषयाचा. शिवाय कळवण तर क्लू न वाचताच काढता आलं असतं, कारण मराठीत 'ण' नं शब्द सुरू होत नाही. 'ळ' चंही तेच. ज्या घरातून उभा शब्द सुरू होतो तिथे ही दोन अक्षरं कधीच येणार नाहीत.

काळी घरंही बोलतात, फक्त त्यांच्याकडे कुणी बघत नाही. 'त्र्यं' या अक्षराचं सोयरं कोण? त्र्यंबक सोडलं तर रोजच्या वापरातलं कुणीच नाही. म्हणून पाच घरांच्या आडव्या शब्दाचं पहिलं घर वर-खाली दोन्हीकडून काळ्या घरांनी बंद केलेलं दिसलं आणि विषय नाशिक असला, तर त्र्यंबकेश्वर शिसपेन्सिलीनं हलकेच लिहून ठेवायला हरकत नाही. त्याचं चौथं घर 'श्व', म्हणजे उभा शब्द अश्व किंवा विश्व असण्याची दाट शक्यता. सप्तशृंगीत दुसरं घर 'प्त'. तिथे गुप्त, तृप्त, लुप्त असे संपणारे शब्द येतात. तिसरं घर 'शृं', तिथून शृंगार किंवा शृंखला खाली उतरते. कुसुमाग्रज पाच घरांचा, चौथं 'ग्र': वरून समग्र किंवा एकाग्र, नाहीतर खाली ग्रहण. म्हणजे जोडाक्षर दिसायला अवघड, पण सोडवणाऱ्याला तेच सगळ्यात जवळचं.

नद्यांचा क्लू आला की मात्र जपून. 'जिल्ह्यातली नदी (३)' म्हणजे दारणा, गिरणा, कादवा, मोसम, नासर्डी यांतली कुठलीही. शेवटी 'णा' आला तर दोन उरतात, आणि दा-र-णा, गि-र-णा यांत मधलं घरही सारखंच. फरक फक्त पहिल्या घराचा. पहिलं घर छेदलेलं नसेल तर क्लू पुन्हा नीट वाचा: दारणा गोदावरीला मिळते, गिरणा तापीला. मोसमही मालेगावात गिरणेला मिळून तापीच्याच खोऱ्यात जाते. चांगला कोडं घालणारा 'उपनदी' च्या आधी एक शब्द ठेवतो, आणि घाईत आपण नेमका तोच गाळून वाचतो.

ऱ्हस्व-दीर्घाचा नियम शाळेत नकोसा वाटतो, पण कोड्यात तो फुकटचा मदतनीस आहे. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे मराठीत शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहायचे, संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्दही त्यात आले: कवी, गती, हरी, गुरू. 'आणि' सारखे मोजके अपवाद. म्हणजे आडव्या शब्दाच्या शेवटी 'री' असेल तर त्या घरातून जाणाऱ्या उभ्या शब्दातही 'री' च हवी. परी, सरी चालतील, शरीर चालेल, रीत चालेल. हरिण चालणार नाही. तिथे हरिण बसवायचा मोह झाला तर दोघांतला एक शब्द चुकलाय हे नक्की. त्यामुळेच 'हात (२)' ला 'पाणि' असं उत्तर मनात आलं तरी लिहायचं 'पाणी', आणि मग तोच शब्द 'जल' लाही चालतो.

मधल्या वेलांटी-उकाराचे खड्डे वेगळे. अनल म्हणजे अग्नी, अनिल म्हणजे वारा. सुत मुलगा, सूत धागा. दिन दिवस, दीन गरीब. शिर डोकं, शीर रक्तवाहिनी. पुर म्हणजे नगर, आणि गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागलं की गोदाकाठचे दुकानदार ज्याच्या धास्तीनं सामान हलवतात तो पूर. क्लू वाचून अर्थाची खात्री असेल तर वेलांटी धरून लिहा. खात्री नसेल तर घरात नुसतं व्यंजन लिहा आणि मात्रेची जागा मोकळी सोडा. 'प' लिहिलं, उकार नंतर. ही सवय लागली की खोडरबर निम्मा वाचतो.

पेन्सिलीचंही सांगून टाकतो. पेपरचा कागद भुसभुशीत असतो, टोकदार एचबीनं लिहिलेलं खोडलं की भोक पडतं. त्यापेक्षा मऊ टूबी वापरा, टोक थोडं बोथट ठेवा, पेपरची चौपदरी घडी घाला म्हणजे खाली टेकू मिळतो. मागच्या पानाची शाई उमटत असेल तर एक कोरा कागद घडीत सरकवा.

सोडवायचा क्रम. शीर्षक वाचा आणि समासात विषयाचे सुचतील तेवढे शब्द घरं पाडून लिहा, पण कोड्यात एकही भरू नका. मग दोन-तीन घरांचे बिनविषयाचे क्लू घ्या. त्यांची एक ठरलेली फौज असते: कर, शर, नग, खग, हय, गज, नीर, तोय, भाल, लता, रव. आठ-दहा बसले की मग विषयाच्या शब्दांकडे वळा. एका छेदावर विषयाचा शब्द पक्का करायचा नाही. दोन छेद जुळावेत, आणि त्यातला निदान एक मात्रेवरचा किंवा जोडाक्षरावरचा असावा.

क्लूचं व्याकरणही बघा. 'मोठी' असेल तर उत्तर थोरली, थोर नव्हे. 'पाण्यात' असेल तर जलात, जल नव्हे. मराठीत लिंग, वचन, विभक्ती सगळं शब्दाच्या शेपटीत असतं, त्यामुळे शेवटचं घर अनेकदा क्लूच भरून देतो. 'उलट वाचा' असा क्लू आला तर अक्षरं उलटायची, मात्रा अक्षराबरोबरच फिरते. रामा उलटून मारा होतो. नवीन, समास, कनक दोन्हीकडून सारखेच.

नाशिकच्या विषयात एक सापळा हमखास बसतो. 'गुरू या राशीत आला की नाशकात कुंभमेळा (२)'. हात आपोआप 'कुंभ' लिहितो. दोन घरं, पहिल्यावर अनुस्वार, सगळं जुळतं. पण नाशिक-त्र्यंबकेश्वरचा मेळा गुरू सिंह राशीत असताना, म्हणून तर सिंहस्थ. उत्तर 'सिंह'. पहिल्या घराचा उभा शब्द सुटेपर्यंत ही चूक कळत नाही.

विषय जाहीर केलेला नसेल तर पेपरची तारीख बघा. २७ फेब्रुवारी असेल तर कुसुमाग्रज आणि त्यांचं आडनाव शिरवाडकर (सहा घरं), भाषा, ज्ञानपीठ. २ मार्चला १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह. सत्याग्रहही चारच घरांचा. ३० एप्रिलला फाळके, जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०. २१ डिसेंबर तर दोन कारणांनी: १९०९ साली याच दिवशी विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, आणि १९१३ साली याच तारखेला न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं छापून आलं, चौकटीऐवजी पतंगाच्या आकाराचं. कान्हेरे तीन घरांचा आणि मधलं 'न्हे'. त्यावरून उभा शब्द काढणं म्हणजे अग्निदिव्य, म्हणून ते घर बहुधा छेदलेलं नसतंच.

मला स्वतःला आवडतात ती लपलेल्या विषयाची कोडी. शीर्षक समजा 'अंग चोरून', आणि मोठ्या शब्दांचा आपसात काही संबंध दिसत नाही: दुकान, उपाय, बंगाल, केसरी, नखरा, सामान. शांतपणे बघितलं की कान, पाय, गाल, केस, नख, मान. प्रत्येकात एक अवयव अंग चोरून बसलाय. इथे लपणं अक्षरांच्या हिशेबानं होतं. 'सन्मान' मध्ये कानाला मान ऐकू येते, पण घरं आहेत स-न्मा-न. 'मा' ला 'न' चिकटलेला, म्हणून तो या खेळात बसत नाही. अशा कोड्यात विषय शेवटी कळतो आणि कळला की उरलेले शब्द पटापट पडतात. जाहीर विषयाच्या कोड्यात नेमकं उलटं घडतं.

अडलात तर? तीन-चार क्लू एकाच कोपऱ्यात अडून बसले की लोक छोटे शब्द खोडायला लागतात. तसं करू नका. आधी त्या कोपऱ्यातला विषयाचा शब्द खोडा, कारण तो सगळ्यात कमी तपासून लिहिलेला असतो. त्या जागी समासातले समान घरांचे दुसरे शब्द लावून बघा. तरीही नाही जमलं तर लेखनभेद तपासा: नाशिक की नासिक, शि की सि, हा प्रश्न छेदच सोडवतो. आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की चुकलेल्या शब्दाबरोबर चुकलेलं घरही समासात टिपून ठेवा. महिनाभरानं चाळलंत तर बहुतेक नोंदी बिनमात्रेच्या साध्या अक्षरांच्या निघतील, आणि त्यात तिसऱ्या घरातला 'व' असणारच.